चालता तोबरा

नासेरने तोबरा चांद्याच्या तोंडावर चढवला, पट्टा शिंगांच्या मागून घेतला आणि बक्कल तिसऱ्या भोकात अडकवलं. मग दोन पावलं मागे सरून खिशातलं घड्याळ काढलं.

"मुहूर्त बघून राहिले का काय?" शेजारच्या गाडीवरून प्रेमसिंगने विचारलं.

"किती वेळात खातो ते बघतोय."

"भूक लागंल तसं खाईल की. बैल हाय तो, आगगाडी न्हाई."

हिंगोलीच्या बाजारतळावर चारपाच गाडीवान हसले. मंजुळाबाई हसली नाही. ती जुवाला हात टेकून चांद्याच्या जबड्याकडे बघत उभी होती. जबडा हलत होता. आतून कुटाराचा भुसा चावल्याचा कर्रकर्र आवाज येत होता, आणि शेजारचा गबऱ्या आपली पाटी संपवून चांद्याच्या बाजूला मान वळवून बघत होता, पण त्याला काही मिळत नव्हतं. बाईला बघायचं होतं ते एवढंच.

मंजुळाबाईचं गाव नरसीच्या पलीकडे, कयाधू नदी ओलांडून. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी तीच हाकायची, औत तीच धरायची. पहिल्या वर्षी गावाने नावं ठेवली, दुसऱ्या वर्षी ठेवायची सोडली. तिच्याकडे बैलांची ही एकच जोडी. त्यातला चांद्या आता उतरणीला लागला होता. दात झिजले होते. गबऱ्याबरोबर एका पाटीत खायला दिलं की गबऱ्या शिंगाने त्याला बाजूला सारायचा आणि दोघांचं एकटा खायचा. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. रानाला वाफसा आला होता. परवापासून रब्बीची पेरणी धरायची होती, आणि जमिनीतली ओल काही कुणासाठी थांबत नाही. आठ दिवस, फार तर दहा. एवढ्या दिवसांत चांद्या जुवाखाली टिकला तर घरात ज्वारी येणार होती.

नासेरला हे सगळं माहीत होतं, कारण त्याने विचारून वहीत लिहून घेतलं होतं. हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन तो जूनमध्ये घरी आला होता. दुसऱ्या मोठ्या लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. चारा महाग झाला होता, आणि बाजारतळावर मात्र तो बैलांच्या खुरांखाली तुडवला जात होता. इतरांना त्यात नवल वाटत नव्हतं. नासेर एक दिवस तराजू घेऊन बसला. आठ शेर कुटार पसरलं तर अडीच शेर शेणामुतात जातं, हे त्याने तीन बाजार वजन करून नक्की केलं. शिवाय बैल सोडा, चारा, पुन्हा जुंपा, यात दोन घंटे जातात ते वेगळेच. त्यावर त्याने हा उपाय काढला होता. घोड्याला असतो तसा तोबरा, पण बैलाच्या रुंद तोंडाला बसेल असा. जनावर जुंपलेलं असताना, अगदी चालतानासुद्धा खाता यावं असा.

शिवून दिला होता त्याच्या बापाने. महेबूब हा हिंगोलीतला नावाजलेला मोट शिवणारा. महेबूबचा बाप छावणीतल्या घोडेस्वारांना तोबरे आणि पखाली शिवून द्यायचा. त्या दुकानाची एक रीत होती. शिवलेली कुठलीही चीज गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी रात्रभर पाण्याने भरून खुंटीला टांगायची आणि खाली राख पसरायची. सकाळी राखेवर थेंबाचा एक जरी डाग दिसला तरी सगळी शिवण उसवायची. नासेर या राखेतच लहानाचा मोठा झाला. तंबूच्या जुन्या कापडाचा हा तोबराही मेण चोळून, दुहेरी टाका घालून तसाच टांगला गेला होता, आणि सकाळी राख कोरडी होती. "पानी नै निकला," महेबूब म्हणाला होता, "तेरा आटा क्या निकलता?" नासेरने फक्त हवेसाठी दोन भोकं पाडायला लावली होती. तीही नाकपुड्यांच्या वर चार बोटं, म्हणजे पेंडीचा चुरा सांडायला नको.

ऊन कलायला लागलं. प्रेमसिंगने बैल जुंपले. त्याचा तांडा मंजुळाबाईच्या गावाला लागूनच होता, आणि बाजारची वाट दोघांची एकच.

"बाई, निघायचं का? का सायबाच्या घड्याळात अजून वाजायचे हायेत?"

मंजुळाबाईने तोबऱ्यात डोकावून पाहिलं. निम्मा शिल्लक होता. "काढू का हे आता?" तिने नासेरला विचारलं.

"राहू द्या. चालता चालता खाईल. त्यासाठीच तर केलाय."

"काही व्हनार तर न्हाई?"

"काही होत नाही, मावशी."

तो इतक्या सहज म्हणाला की बाईने पुन्हा विचारलं नाही. नासेर वही घेऊन तिच्याच गाडीत, पेंडीच्या पोत्यावर बसला. त्याला मिनिटाला किती चावे होतात ते चालत्या बैलावर मोजायचं होतं. उभ्यावर बावन्न होते.

वाटेने चांद्या खरंच खात चालला. आधी दोनतीनदा त्याने मान झटकली, मग सवय झाली. मंजुळाबाईने कासरा सैल सोडला होता. मागच्या गाडीवरून प्रेमसिंग अधूनमधून ओरडायचा, "बाई, घरी गेल्यावर मलाबी एक शिवून घ्या. खायलाबी व्हईल आन बायकोला उलट बोलताबी येनार न्हाई." बाई पदराआड हसली. नासेरने लिहिलं: चालताना एक्केचाळीस.

चारच्या सुमाराला कयाधूचा उतार आला. पाऊस संपून महिना झाला होता, तरी पात्रात गुडघ्याच्या वर पाणी होतं, निवळ आणि धावतं. गाडी पाण्यात शिरली. मधोमध आल्यावर मंजुळाबाईने कासरा आणखी सैल केला, आणि दोन्ही बैलांनी थांबून माना खाली घातल्या.

नासेर वहीत बेरीज करत होता. गाडी थांबली म्हणून त्याने वर पाहिलं. या वाटेचे सगळे बैल इथेच, जुवाखाली उभे राहून, वाहत्या पाण्यात पाणी पितात. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ते सांगण्यासारखं आहे असंच कुणाला वाटत नाही. नासेरनेही विचारलं नव्हतं. त्याच्या घरात घोड्यांच्या गोष्टी होत्या, आणि छावणीतल्या घोड्याला पाणी हौदावर, तोबरा काढून दाखवलं जायचं.

चांद्याची मान वर आली, पण नुसती मान आली नाही. तोबरा पाण्याने काठोकाठ भरला होता, आणि त्यातला एक थेंब खाली गळत नव्हता. हवेच्या भोकांतून दोन बारीक धारा लागल्या होत्या. भोकांच्या खाली पाणी जायला वाट नव्हती, आणि नाक भोकांच्या खाली होतं.

बैल हंबरला नाही. हंबरायला हवा लागते. त्याने मान अशी उसळली की जू तिरपं झालं, गबऱ्या बाजूला ओढला गेला आणि गाडीचं एक चाक खड्ड्यात उतरलं. मंजुळाबाई धुरीवरून पाण्यात पडली आणि उठली.

"पट्टा," नासेर ओरडला आणि उडी मारून पुढे गेला. त्याने बक्कल धरलं. चामडं भिजून फुगलं होतं. बकलाची जीभ भोकातून निघेना. चांद्याने झटका दिला तसा तो मागे फेकला गेला. पुन्हा धरलं. मोजायची सवय इतकी अंगात मुरलेली की त्याही वेळी डोक्यात आकडे चालू होते: वीस, एकवीस, बावीस. बैलाचे डोळे पांढरे झाले होते. दुहेरी टाका आणि मेणाचा दोरा. हाताने फाटण्यासारखं त्यात काही ठेवलेलंच नव्हतं.

"सरका," मंजुळाबाई म्हणाली. तिच्या हातात गाडीतला विळा होता. तिने पट्ट्याला हातच लावला नाही. विळ्याचं टोक तोबऱ्याच्या बुडात खुपसलं आणि स्वतःकडे ओढलं. कापड चर्रकन फाटलं, पाणी आणि कुटार भसकन खाली आलं. तोवर नासेर चाळीसपर्यंत पोचला होता.

चांद्याने एक श्वास घेतला. तो आवाज दोघांनीही आधी कधी ऐकला नव्हता. मग त्याचे पुढचे पाय दुमडले.

प्रेमसिंग पाण्यातून धावत आला तेव्हा चेष्टा त्याच्या तोंडावरून पुसली गेली होती. त्याने जुवाच्या टोकाची खुंटी, शिवळ, काढून चांद्याला मोकळा केला. तिघांनी मिळून, शेपटी पिरगाळून, खांदा लावून, त्याला कसाबसा काठाच्या वाळूवर आणला. तिथे बैल कुशीवर पडला. नाकातून पाणी, फेस आणि कुटाराच्या काड्या येत होत्या. पोट भात्यासारखं चाललं होतं.

"गारठलं जनावर," प्रेमसिंग म्हणाला. "पोटात ऊब पायजे." तो गाडीकडे गेला आणि औषध पाजायचं बांबूचं नळकांडं, गूळ-सुंठीची पुडी, तेलाची बाटली घेऊन आला. हा माणूस या सामानाशिवाय वाट चालत नसे. तांड्यातली आणि आसपासच्या चार गावांतली जनावरं त्याने याच नळकांड्याने उठवली होती. त्याने तीन दगड मांडून जाळ केला आणि त्यावर भांड्यात पाणी ठेवलं.

नासेर चांद्याच्या मानेखाली वाळू उकरत होता, म्हणजे डोकं उताराला यावं. त्याने वळून पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"काही पाजू नका."

प्रेमसिंगने मान वर केली नाही. "तुमी गप बसा सायेब. तुमचं झालं."

"पाजू नका. त्याच्या फुफ्फुसात पाणी गेलंय. गिळायची ताकद नाही त्याला आता. तुम्ही ओताल ते पोटात नाही, तिकडेच जाईल."

"धा वर्सं पाजून राहिलो मी."

"पोट फुगलेल्याला पाजलं असेल. बुडालेल्याला पाजलंय का कधी?"

"न्हाई," प्रेमसिंग उठत म्हणाला, "कारन आमच्याकडं बैल नदीत पाणी पेतात. बुडत न्हाईत. ते तुमी घेऊन आले."

  नासेर मंजुळाबाईकडे वळला. ती चांद्याच्या पाठीशी वाळूत बसली होती, ओलं लुगडं पायांना चिकटलेलं, विळा अजून हातात.

"मावशी, ऐका माझं."

"मघाशीबी तुमी असंच म्हनले व्हते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काही होत न्हाई, म्हनले. ह्याच आवाजात."

"मघाशी मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं. माहीत असल्यासारखं बोललो."

"आन आता?"

"आता माहीत आहे."

"मला कसं कळावं?"

 प्रेमसिंगचं पाणी कोमट व्हायला लागलं होतं. त्याने त्यात गूळ टाकला. नासेरने गुडघे टेकले आणि चांद्याच्या वरच्या कुशीला, कोपराच्या मागे, कान लावला. मग मान आणि खांद्याच्या मध्ये हात घालून त्याने बैलाला थोडं उचलून धरलं आणि तोच कान खालच्या कुशीला नेला, वाळूत गाल घासत.

"इथे ऐका," तो म्हणाला. "आधी वर. मग खाली. मी सांगत नाही काय ऐकू येतं ते. तुम्हीच सांगा."

मंजुळाबाईने विळा खाली ठेवला. तिने वरच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटले. प्रेमसिंग नळकांडं हातात धरून उभा होता. मग ती वाळूवर आडवी झाली, आणि नासेर बैलाचा खांदा उचलून धरत असताना तिने खालच्या बाजूने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. 

ती उठून बसली. "वर नुसता वारा हाय," ती म्हणाली. "खाली कढी उकळल्यावानी करून राहिलं."

"ते पाणी आहे."

तिने प्रेमसिंगकडे पाहिलं. "ठिवा ते."

"बाई, यांच्या नादाला लागून..."

"ठिवा, भाऊ. मी ऐकलं माझ्या कानानं. वतायचंच असंल तर चुलीत वता."

प्रेमसिंगने भांडं जाळावरून उतरवलं. रागावला होता, पण ओतून दिलं नाही. गूळपाणी थंड होत तिथेच राहिलं आणि त्यावर मुंग्या आल्या.

नासेरने सांगितलं तसं त्यांनी चांद्याला खालची कूस वर करून वळवलं, तोंड उताराकडे ठेवलं. सूर्य टेकेपर्यंत नाकातून पाणी झिरपत राहिलं. दिवे लागायच्या आधी तो अडखळत उभा राहिला. प्रेमसिंगने आपल्या गाडीमागे बांधलेला तिसरा बैल सोडला, मंजुळाबाईच्या गाडीला गबऱ्याच्या जोडीला लावला, गाडी खड्ड्यातून बाहेर काढली, आणि चांद्या मागून पायी चालला. नासेरही. घरी जा असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि चल असंही म्हटलं नाही.

बाईच्या दारात त्याने तीन दिवस काढले. शिळी भाकरी ती त्याच्यापुढे सरकवायची आणि रानात निघून जायची. प्रेमसिंगचा बैल अर्धा दिवस मिळत होता. गबऱ्याशी त्याची चाल जुळत नव्हती. पेरणीच्या ओळींचे तास वाकडे पडत होते, आणि रानातली ओल रोज एक बोट खाली चालली होती. नासेर श्वास मोजत होता. पहिल्या रात्री मिनिटाला बेचाळीस. दुसऱ्या दिवशी चौतीस.

"सकाळी त्याचा श्वास हुंगून बघा," त्याने बाईला सांगितलं होतं. "कुजका वास आला तर मला सांगा."

"आला तर काय करायचं?"

"काही करता येणार नाही."

बाईने मान हलवली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी जरा सरळ बोलायला लागली.

वास आला नाही. पण दुसरंच संकट उभं राहिलं. चांद्या पाणी पिईना. बादली पुढे नेली की तो मागे सरायचा, दावं ताणायचा, डोळ्यांत तोच पांढरा रंग यायचा. ओलं गवत मंजुळाबाईच्या हातून दोन घास घ्यायचा. नासेरने तेच गवत धरलं की नाक फेंदारून तोंड फिरवायचा. नासेरच्या मनाला ते आधी लागलं. मग त्याने आपला तळहात हुंगला. मेणाचा वास होता. शिवणीवर आठ दिवस मेण चोळलेले ते हात, आणि सदऱ्यालाही तेच. त्याने राखेने हात घासले, पुन्हा घासले, तरी बैलाला फसवता आलं नाही.

"तुमी लांब बसा," बाई म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई. त्याला वास येतो."

तिसऱ्या दिवशी श्वास सव्वीसवर आला होता, आणि चांद्याच्या डोळ्यांखाली खळगे पडले होते. रवंथ बंद होता. नासेरने हिशेब केला: ओल्या गवतातून दिवसाला फार तर पाच शेर पाणी, हवं होतं त्याचा पाचवा हिस्साही नाही. फुफ्फुसांतून वाचलेला बैल आता तहानेने जाणार होता, आणि नळकांड्याने पाजायला अजूनही त्याची छाती तयार नव्हती. त्याने हे बाईला जसंच्या तसं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं, दावं सोडलं आणि चांद्याला घेऊन नदीच्या वाटेला लागली.

"तिथे नको," नासेर म्हणाला. "तिथेच तर घाबरलाय तो."

"आन तिथंच पेत आला न्हाई का बारा वर्सं?"

प्रेमसिंग गबऱ्याला घेऊन पुढे गेला. नासेर मागे राहिला, दरडीवर, वारा बैलाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला. उताराशी कडेचं पाणी घोट्याएवढं होतं. गबऱ्या आत शिरला आणि प्यायला लागला. चांद्या वाळूच्या कडेला थांबला. पाण्याची चमक दिसताच त्याची मान वर गेली, दावं ताणलं गेलं. मंजुळाबाईने ओढलं नाही. तिने दावं त्याच्या पाठीवर टाकलं, स्वतः पाण्यात गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मग तिने शीळ घातली. जनावर पाणी पिताना गडी घालतात तशी, लांब, खालच्या सुरातली, थांबून थांबून. बाईमाणसाने शीळ घालू नये असं त्या गावात लेकराला सुद्धा ठाऊक होतं. प्रेमसिंग गबऱ्याच्या खांद्यावरची माती झटकत बसला, जणू त्याला ऐकूच येत नव्हतं.

शीळ चालू राहिली. नासेरच्या हातात घड्याळ होतं. किती मिनिटं गेली ते त्याने पाहिलं नाही. चांद्याने एक पाय पाण्यात ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. नाक फेंदारून पाण्यावर फुंकर मारली, तशी पाण्यावर गोल उठले. तो गबऱ्याच्या पोटाला अंग लावून उभा राहिला. आणि मान हळूहळू खाली गेली.

दरडीवरून नासेरला नुसती पाठ दिसत होती. तो जागचा हलला नाही.

शीळ थांबली. मंजुळाबाई मागे न वळता म्हणाली, "नासेरभाई, या खाली. वारा अजून तुमच्याकडंच येऊन राहिला. बैल पाणी कसा पेतो ते बघायचं ऱ्हाऊन गेलं तुमचं."

तो खाली आला, दहा पावलांवर वाळूत उकिडवा बसला. चांद्याचे ओठ पाण्यावर नुसते टेकलेले होते. नाकपुड्या पाण्याच्या दोन बोटं वर, उघड्या, कोरड्या. घोट गळ्यातून वर सरकताना दिसत होता, आणि प्रत्येक घोटाबरोबर दोन्ही कान पुढे यायचे आणि मागे जायचे.